भेट म्हणून सुरी द्यायची आहे? संच राहू द्या, एकच नीट निवडा

लग्न, वास्तुशांत, नोकरीसाठी दुसऱ्या शहरात बिऱ्हाड मांडणारा भाचा, परदेशी शिकायला निघालेली पुतणी. भेटीचे प्रसंग भरपूर, पण यादीत सुरी क्वचितच असते. डिनर सेट येतात, भिंतीवरची घड्याळं येतात, गणपती तर एकावर एक येतात. त्या घरात सकाळ-संध्याकाळ हातात येणारी वस्तू मात्र भांड्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या डब्यातून जाता जाता उचललेली असते. तिने टोमॅटो कापला जात नाही, चिरडला जातो.

लोक सुरी द्यायची ठरवतात तेव्हा गाडी अडते ती निवडीवर. दुकानात समोर येतो तो लाकडी ठोकळ्यात खोवलेला सहा, आठ किंवा बारा नगांचा संच. दिसायला भरगच्च, वेष्टन चकचकीत, आणि नगामागे हिशेब केला तर स्वस्तही वाटतो. पण त्यातल्या दोनच सुऱ्या वापरल्या जातात. बाकीच्या ठोकळ्यात धूळ खातात. सहा स्टेक नाइफ वरणभाताच्या घरात करायच्या काय? बारा नगांचे पैसे दोन नगांवर घातले की पोलादाची एक यत्ता सहज वर चढता येते. म्हणून माझा हिशेब असा असतो: एक मुख्य सुरी, हवी तर सोबत एक छोटी, आणि उरलेल्या पैशांत चॉपिंग बोर्ड किंवा धार लावायचं साधन.

आधी शकुन-अपशकुनाचं मिटवून टाका

धारदार वस्तू भेट दिली तर संबंध तुटतात, असं आपल्याकडे बऱ्याच घरांत मानतात. सुरी हातात हात देत नाहीत, खाली ठेवतात आणि मग समोरच्याने उचलायची, हीसुद्धा त्याच घरातली रीत. युरोपातही हा समज आहे आणि तिथला तोडगा आपल्याकडेही चालतो: घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणं द्यायचं, म्हणजे ती भेट राहत नाही, विकत घेतलेली वस्तू होते. थोरामोठ्यांच्या घरी सरळ म्हणावं, "काकू, आधी सव्वा रुपया काढा, मगच पुडकं उघडा." चार आण्याचं नाणं २०११ सालीच चलनातून गेलं, तेव्हा रुपयावर भागवा.

तरीही कुणी फारच मानणारं असेल तर दिवस बदला. याच घरांमध्ये खंडेनवमीला शस्त्रांबरोबर अवजारांनाही हळदकुंकू लागतं आणि त्यात स्वयंपाकघरातली विळी-सुरीही असते. नवरात्रात किंवा धनत्रयोदशीला दिलेल्या सुरीला कुणी नाक मुरडल्याचं मी पाहिलेलं नाही. नवपरिणीत जोडप्याला मात्र लग्नमंडपात सुरी देऊ नका. आहेरांच्या गठ्ठ्यात ती भलत्याच्याच हाती लागते, आणि कुठल्या तरी आत्याबाई तेवढं एकच वाक्य लक्षात ठेवतात. ते घरी राहायला गेल्यावर द्या.

ते कापतात कसे, हे आधी बघा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे आणि बहुतेक लोक हीच गाळतात. सुरी कितीही चांगली असली, तरी ज्या तऱ्हेने तो माणूस कापतो त्या तऱ्हेची नसेल तर ती कपाटात जाणार.

आपल्या घरांत कापण्याच्या तीन तऱ्हा आहेत. पहिली विळीवरची. फळी पायाखाली दाबलेली, पातं स्थिर, आणि भाजी दोन्ही हातांनी पात्यावरून फिरते. ज्या बाईने चाळीस वर्षं विळीवर मेथी आणि कोबी चिरलाय, तिच्या हाताला सुरीने तितका बारीक कोबी चिरायला जमेलच असं नाही, आणि तिने तो हट्ट का करावा? गुडघे दुखतात म्हणून खाली बसवत नसेल, तर तिला ओट्यावर ठेवून वापरायची विळी जास्त आवडेल. अशी विळी घेताना पातं बैठकीत डगमगत नाही ना आणि मिटून ठेवता येतं का, हे बघा.

दुसरी तऱ्हा हातातल्या हातात कापण्याची. बटाटा डाव्या तळव्यात, छोटी सुरी अंगठ्याकडे ओढत न्यायची आणि फोडी थेट पातेल्यात. बोर्ड नाही, ताट नाही, काही नाही. मुंबईच्या छोट्या ओट्यांवर ही पद्धत फार रुजलेली आहे. अशा माणसाला वीस सेंटिमीटरची शेफ्स नाइफ देणं म्हणजे पैसे पाण्यात. त्यांना लागते ८ ते ११ सेंटिमीटर पात्याची, हलकी, पातळ सुरी. टोमॅटो, लिंबू, सफरचंद, पाव यांसाठी बारीक दात्यांची आणि गोल टोकाची मिळते, ती तर अशा हातांना अगदीच सोयीची. टोक गोल असल्यामुळे वयस्कर माणसांना आणि लहान मुलं असलेल्या घरांनाही ती बरी.

तिसरी तऱ्हा बोर्डावरची. तिशीच्या आसपासची बरीच मंडळी, स्वयंपाकाचे व्हिडिओ बघून शिकलेले आणि परदेशात राहून आलेले लोक असे कापतात. मोठी सुरी शोभते ती इथे.

कोण कसं कापतं हे कळायला हेरगिरी करावी लागत नाही. जेवायला गेलात की कोशिंबीर करायला बसा आणि सुरी मागा. जी पुढे येईल तिच्याकडे नीट बघा. पातं मधेच झिजून खोलगट झालंय का? म्हणजे एकाच सुरीवर सगळं घर चालतं. बोर्डावर हळदीचे डाग आणि ओरखडे आहेत, की तो कोराच भिंतीला टेकून उभा आहे? ड्रॉवरमध्ये आधीच कुणीतरी दिलेला संच पडलाय का? आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते: माणूस डावखुरा आहे का? साध्या, दोन्ही बाजूंनी धार असलेल्या सुऱ्या कुठल्याही हाताला चालतात. पण एकाच बाजूने धार दिलेल्या पारंपरिक जपानी सुऱ्या आणि पात्याच्या एकाच बाजूला दाते घासलेल्या पावाच्या सुऱ्या बहुतकरून उजव्या हातासाठी केलेल्या असतात. डाव्या हातात त्या काप वाकडा नेतात.

त्याच भेटीत घरात काय शिजतं तेही बघून घ्या. लाल भोपळा, सुरण, कलिंगड वारंवार येत असेल तर जाडसर, चिवट पात्याची सुरी हवी. घरी मासे साफ करत असतील तर कठीण, ठिसूळ धारेची जपानी सुरी बाद, कारण सुरमईच्या मणक्यावर तिच्या धारेचा तुकडा उडतो. नुसती पालेभाजी, कांदा, काकडी, गाजर असं शाकाहारी घर असेल तर तीच जपानी सुरी स्वर्ग. नारळ कुठल्याच सुरीने फोडायचा नसतो, त्याला कोयत्याची पाठ आहे.

कुठली सुरी घ्यायची

बोर्डावर कापणाऱ्यासाठी तीन आकारांतून निवडा.

शेफ्स नाइफ म्हणजे साधारण २० सेंटिमीटर पात्याची, धारेला पोट असलेली. टोक बोर्डावर टेकवून पातं झुलवत कोथिंबीर, लसूण, मिरची बारीक करता येते. हात लहान असेल तर हीच १५ किंवा १८ सेंटिमीटरमध्ये घ्या. सांतोकू ही जपानी घरगुती सुरी १७-१८ सेंटिमीटरची, धार जवळपास सपाट, टोक खाली झुकलेलं. ती झुलवायची नसते, वरून खाली किंवा थोडी पुढे ढकलत कापायचं. ज्यांना मोठ्या सुरीची थोडी भीती वाटते त्यांना सांतोकू पटकन आपलीशी वाटते. पहिल्यांदाच चांगली सुरी मिळणाऱ्या बहुतेकांना मी हीच सुचवीन. तिसरी नाकिरी, आयताकृती, टोक नसलेली, फक्त भाजीसाठी. शाकाहारी घरात आणि भरपूर पालेभाज्या चिरणाऱ्याला ती इतकी आवडते की बाकीच्या सुऱ्या मागे पडतात. चिरलेली मेथी पात्यावरूनच उचलून कढईत टाकता येते, हा तिचा आणखी एक फायदा.

ब्रेड नाइफ ब्रेड-केक घरी करणाऱ्यालाच द्या. लादीपावाला तिची गरज नाही. मटण फोडायचा सत्तूर भेट म्हणून सहसा नकोच, आपल्याकडे मटणवालाच तुकडे करून देतो.

पोलाद: खोक्यावरची अक्षरं कशी वाचायची

इथे थोडं थांबू या, कारण दुकानदार सगळ्यात जास्त थापा इथेच मारतात, कधी अजाणताही.

सुरीचं पोलाद उष्णता देऊन कठीण करता यायला हवं. भांड्यांचं स्टेनलेस स्टील, म्हणजे १८/८, १८/१० किंवा ३०४ म्हणून जे येतं, ते तसं कठीण होत नाही. डबा, पातेलं, चमचा यांना ते उत्तम, पण पात्याला नाही. म्हणून एखाद्या सुरीच्या पात्याबद्दल "हे ३०४ ग्रेडचं, एकदम प्युअर स्टील" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर सुरी परत ठेवा. याची एक सोपी परीक्षा आहे. फ्रिजवरचं छोटं लोहचुंबक खिशात घेऊन दुकानात जा आणि पात्याला लावा. सुरीचं चांगलं स्टेनलेस पोलाद चुंबकाला घट्ट चिकटतं. चुंबक घसरून पडलं तर त्या पात्याची धार फार दिवस टिकणार नाही. सिरॅमिकची सुरीही अर्थातच चिकटत नाही, पण ती धातूचीच नसते.

युरोपीय सुऱ्यांवर बऱ्याचदा 'एक्स ५० सीआर एमओ व्ही १५' असं कोरलेलं असतं. भीती वाटावी असं त्यात काही नाही. ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन, १५ म्हणजे सुमारे १५ टक्के क्रोमियम, आणि जोडीला थोडं मॉलिब्डेनम व व्हॅनेडियम. गंज सहज धरत नाही, धार पटकन लागते, आणि कठीण वस्तूवर आपटली तर धार तुटण्याऐवजी जराशी वळते. आपल्या स्वयंपाकघरांना हे पोलाद फार मानवतं. 'जर्मन स्टील' असं नुसतं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुधा एवढाच की पोलादाचा प्रकार हा. सुरी चीनमध्ये, तैवानमध्ये किंवा आणखी कुठेही बनलेली असू शकते. त्यात वाईट काही नाही, पण त्यासाठी जर्मन किंमत मोजू नका. 'सोलिंगन' हा शब्द मात्र वजनदार आहे. जर्मनीतल्या या सुऱ्यांच्या गावाचं नाव १९३८ पासून कायद्याने राखलेलं आहे, आणि महत्त्वाचे टप्पे तिथे पार पडल्याशिवाय ते पात्यावर घालता येत नाही.

पोलादाची कठीणता रॉकवेल मापात सांगतात आणि खोक्यावर 'एचआरसी'पुढे आकडा असतो. युरोपीय घरगुती सुऱ्या ५५ ते ५८ च्या घरात, जपानी ६० च्या पुढे. आकडा मोठा म्हणजे सुरी चांगली, असं अजिबात नाही. जास्त कठीण धार जास्त बारीक होते आणि जास्त टिकते, पण ती ठिसूळ असते. ६० च्या सुरीने भोपळ्यात अडकलेलं पातं पिळून काढलं की धारेवर चंद्रकोरी पडल्याच समजा. ज्या घरात सुरी तीन-चार हातांतून जाते, त्या घराला ५६ च भली.

कार्बन स्टीलची सुरी हौशी माणसालाच द्या. धार सुंदर येते, पण लिंबू, टोमॅटो, आवळा कापून तशीच ठेवली की काळी पडते आणि ओली राहिली की गंजते. जुनी लोखंडी विळी पुसून ठेवायची शिस्त ज्या घरात होती तिथे हे नवं नाही, पण आजच्या दोघं नोकरी करणाऱ्या घरात ती अपेक्षा ठेवू नये. रंगीत लेप दिलेल्या सुऱ्यांचा लेप धार लावताना खरवडला जातो. सिरॅमिकची फळांपुरती छान, पण फरशीवर पडली की संपली, आणि साध्या दगडावर तिला धारही लागत नाही.

आणि ते दमास्कस? लाटालाटांच्या नक्षीची पाती सध्या सगळीकडे दिसतात. खऱ्या थरांच्या पात्यात नक्षी दोन्ही बाजूंना वेगळी असते आणि धारेच्या अलीकडे संपून मधला कठीण गाभा वेगळा दिसतो. स्वस्तात मिळणाऱ्या पात्यांवर ती बऱ्याचदा लेसरने छापलेली असते. दोन सुऱ्या शेजारी धरल्या की नक्षी तंतोतंत सारखी निघते. खरी असली तरी तिने कांदा जास्त चांगला चिरला जात नाही. दिसायला देखणी भेट हवी असेल तर जरूर घ्या, फक्त पैसे कशाचे देतोय ते ठाऊक असू द्या.

दुकानात, हातात घेऊन

ऑनलाइन मागवायची असली तरी एकदा दुकानात जाऊन तोच आकार हातात धरून बघा. मूठ नुसती मुठीत पकडू नका. अंगठा आणि तर्जनीने पात्याचा मुठीलगतचा भाग चिमटीत धरा, बाकीची तीन बोटं मुठीवर. आता रिकाम्या काउंटरवर कापल्यासारखं करा. बोटांची पेरं काउंटरला आपटतात का? आपटत असतील तर पात्याची रुंदी कमी आहे. मुठीजवळ साधारण साडेचार सेंटिमीटर रुंदी असली की मोठ्या हातालाही पुरते. अंगठ्याला पात्याची पाठ टोचते का? चांगल्या सुरीची पाठ किंचित गोलसर घासलेली असते.

मग एक डोळा मिटून, मुठीकडून टोकाकडे पात्याच्या रेषेत बघा. पातं वाकडं असेल तर लगेच दिसतं. नंतर धार दिव्याखाली धरा. खऱ्या धारेवरून उजेड परतत नाही. जिथे चमकता ठिपका किंवा रेघ दिसते, तिथे ती बोथट आहे किंवा चेचली आहे. पात्याची जाडी मागून बघा. पाठ दोन-अडीच मिलिमीटरची असली तरी चालेल, पण धारेकडे ती निमुळती होत गेली पाहिजे. ज्या पात्याची जाडी धारेच्या अगदी वरपर्यंत तशीच राहते ते गाजराला कापत नाही, पाचर मारल्यासारखं तडकवतं. अर्ध्यात गेल्यावर 'कट' आवाज होऊन फोड उडाली की समजावं, धारेत नाही, जाडीत दोष आहे. अशी सुरी कितीही घासली तरी सुधारत नाही.

पात्याची पट्टी मुठीच्या शेवटापर्यंत गेलेली आणि तीन रिव्हेटांनी बसवलेली असावी, असा एक नियम सगळीकडे सांगितला जातो. तो अर्धाच खरा. जगभरच्या खानावळींमध्ये ज्या प्लास्टिक मुठीच्या सुऱ्या वर्षानुवर्षं राबतात, त्यांच्यात ही पट्टी शेवटपर्यंत जात नाही आणि रिव्हेटही नसतात. मूठ आणि पातं यांच्यात फट नाही ना, हे बघणं जास्त महत्त्वाचं. त्या फटीत पाणी आणि कणकेचे कण जाऊन बसतात, आणि पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते. लाकडी मूठ दिसते छान, पण भांडी रात्रभर सिंकमध्ये भिजत पडणाऱ्या घरात ती देऊ नये. मुठीशेजारी पात्याच्या पूर्ण उंचीचा जाड पोलादी ठोकळा असेल तर तीही टाळा. त्या ठोकळ्यामुळे टाचेकडची धार दगडावर टेकतच नाही.

बजेटप्रमाणे

किमती दुकानागणिक आणि सवलतीगणिक हलतात, म्हणून ढोबळ पायऱ्या सांगते.

हजार रुपयांच्या आत मोठी सुरी शोधू नका. या पैशांत व्हिक्टोरिनॉक्सची ११ सेंटिमीटरची दातेरी, एक ८ किंवा १० सेंटिमीटरची सरळ धारेची आणि एक सोलणं, एवढी छोटीशी भेट जमते. स्वित्झर्लंडच्या श्वीझ परगण्यात १८८४ मध्ये सुरू झालेली ही कंपनी खिशातल्या लाल चाकूसाठी प्रसिद्ध असली, तरी तिच्या स्वयंपाकाच्या छोट्या सुऱ्या हीच खरी स्वस्त आणि मस्त वस्तू. हातातल्या हातात कापणाऱ्या आई, मावशी, सासूबाई यांच्यासाठी यापेक्षा महाग काही घेण्याची गरजच नाही. दातेरी सुरीला घरी धार लावता येत नाही, पण ती बरीच वर्षं चालते आणि मग नवी घेणं परवडतं.

तीन ते पाच हजारांत बोर्डावर कापणाऱ्यासाठी त्याच कंपनीची २० सेंटिमीटरची फायब्रॉक्स शेफ्स नाइफ किंवा १७ सेंटिमीटरची सांतोकू. काळी प्लास्टिकची मूठ बघून घेणाऱ्याचा चेहरा पहिल्या क्षणी उजळणार नाही, हे मान्य. पण ओल्या हातातून न निसटणारी मूठ आणि पातळ पातं यांची किंमत पहिल्या आठवड्यातच कळते. भेट दिमाखदार दिसायलाच हवी असेल तर त्यांच्याच लाकडी मुठीच्या सुऱ्या बघा. पोलाद तेच, रूप निराळं, किंमत जास्त.

त्याच्या वर, म्हणजे वर्गणी काढून किंवा अगदी जवळच्या माणसासाठी, सोलिंगनच्या झ्विलिंग आणि वुस्टहॉफ या जुन्या कंपन्या आहेत. झ्विलिंगची खूण १७३१ ची, वुस्टहॉफ १८१४ ची. इथे एक खाचखळगा आहे. खूण दोन जुळ्या माणसांची असेल तर ती झ्विलिंग, एकाच माणसाची असेल तर त्याच घराण्यातली स्वस्त मालिका हेंकेल्स. दोन्ही खऱ्या, पण एकीची किंमत दुसरीला देऊ नका. जपानीत, शाकाहारी आणि नीटनेटक्या माणसासाठी त्सुबामे गावची तोजिरो डीपी मालिका पैशांच्या मानाने फार चांगली: मध्ये व्हीजी-१० या जपानी पोलादाचा कठीण गाभा, दोन्ही बाजूंना मऊ स्टेनलेस. भारतात आयातीमुळे या सुऱ्या महाग पडतात. अमेरिकेतल्या नातलगांसाठी घेत असाल तर तिथेच ऑर्डर करा. तिथे मर्सरची जेनेसिस मालिकाही मिळते, तैवानमध्ये बनते, पोलाद जर्मन, आणि पहिल्या घरासाठी झकास.

नावाजलेल्या सुऱ्यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. फूटपाथवर निम्म्या किमतीत दिसली, खुणेची छपाई नखाने खरवडून निघाली किंवा नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे झालेलं असलं तर सोडून द्या. पावती घ्या आणि पुडक्यात ठेवा. सुरी जड वाटली तर बदलून घेता येईल.

सुरीबरोबर काय द्यावं

उत्तम सुरी ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापायला घेतली की महिनाभरात तिची धार जाते. काचेचा बोर्ड तर सुरीचा वैरीच. म्हणून घेणाऱ्याकडे लाकडी किंवा प्लास्टिकचा धड बोर्ड नसेल तर सुरीची किंमत थोडी कमी करा, पण बोर्ड द्या. किमान ३५ बाय २५ सेंटिमीटरचा, नाहीतर एक कोबी ठेवला की जागा संपते. बोर्डाखाली ओलं फडकं अंथरलं की तो सरकत नाही, हे सांगायला विसरू नका.

धारेसाठी, युरोपीय सुरीबरोबर धातूचा किंवा सिरॅमिकचा होनिंग रॉड. तो धार लावत नाही, वळलेली धार सरळ करतो. आठवड्यातून एकदा हलक्या हाताने चार-पाच वेळा फिरवला की पुरे. जपानी सुरीवर रेघांचा पोलादी रॉड फिरवू नये, धार तडकते. हौशी माणसाला १००० ग्रिटचा, म्हणजे मध्यम खरखरीचा, पाण्याचा दगड द्या. दगडावर कोन कसा धरायचा ही सगळ्यांची अडचण असते, त्याचं सोपं माप असं: पातं ४५ मिलिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सुमारे १५ मिलिमीटर वर धरली की २० अंश होतात, १२ मिलिमीटर धरली की १५. युरोपीय सुरीला पहिला, जपानीला दुसरा. एका बाजूने घासत राहायचं, दुसऱ्या बाजूला धारेवर बोट आडवं फिरवून खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदलायची. दगड नसेल तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाची, चकाकी नसलेली कडा वेळ मारून नेते.

गल्लीत सायकलच्या चाकावर धार लावून देणारे येतात, त्यांच्याकडे विळी आणि कात्री खुशाल द्या. चांगली सुरी देऊ नका. कोरड्या चाकावर ठिणग्या उडतात तेव्हा बारीक धार तापते, आणि धारेवर निळसर झाक आली की तिथलं पोलाद मऊ पडलं.

पुडक्यात दोन ओळींची चिठ्ठी

सुरीची धार पुठ्ठ्याच्या किंवा प्लास्टिकच्या म्यानात घालून मगच कागदात गुंडाळा. ते म्यान पुढे ड्रॉवरसाठीही उपयोगी पडतं. चमच्यांत आपटून धार जाते आणि हात घालणाऱ्याचं बोटही. चिठ्ठीत एवढंच लिहा: वापरून झाली की लगेच धुऊन पुसून ठेव, आणि सिंकमध्ये टाकू नकोस. हे सुरीसाठी आहेच, पण त्याहून जास्त भांडी घासणाऱ्या मावशींसाठी आहे. फेसाच्या पाण्यात हात घालून भांडी उचलताना त्यांना पातं दिसत नाही, आणि नव्या धारेने झालेली जखम खोल असते. डिशवॉशर असला तरी त्यात सुरी घालायची नाही. धार नव्याने हातात आलेल्या माणसाला पहिले काही दिवस सवय नसते, तेव्हा भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत मुडपायची, हेही लिहायला हरकत नाही.

भेट विमानाने न्यायची असेल तर ती चेक-इनच्या बॅगेतच, कपड्यांच्या मधोमध. केबिन बॅगेत राहिली तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात आणि परत मिळत नाही, मग ती वेष्टनात बंद असो वा पावतीसकट. टोकावर एक जुना कॉर्क किंवा पुठ्ठ्याची घडी चिकटपट्टीने बांधा, म्हणजे बॅग उघडून तपासणाऱ्याच्या हाताला लागणार नाही. आणि बॅग भरून देणारे घरचे लोक ती हलकी करायला ऐनवेळी सामान हँडबॅगमध्ये सरकवतात, तेव्हा पुडक्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: सुरी आहे, वरच्या बॅगेत घालू नये.